चेंबरमध्ये १५० मेगाहर्ट्झला बोर्ड नापास, टेबलावर मात्र सगळं ओके. सुरुवात कुठून करू?

भोसरी_बोर्डवाला

नमस्कार मंडळी, भोसरी एमआयडीसीत छोट्या कंपनीत आहे, एकूण सात माणसं, त्यामुळे स्किमॅटिक मीच काढतो, लेआउट मीच करतो आणि बोलणी पण मीच खातो. बोर्ड असा आहे, एसटीएम३२ एच७४३ कंट्रोलर, बाहेर एसडीरॅम मेमरी १०० मेगाहर्ट्झवर, इथरनेटला एलएएन८७२० (केबलशी बोलणारी फाय चिप) आरएमआयआयवर (फाय आणि कंट्रोलरमधल्या लाइनींचा संच) म्हणजे ५० मेगाहर्ट्झचा क्लॉक, आणि ४-२० मिलिॲम्पचे चार ॲनालॉग इनपुट, दोन रिले, २४ व्होल्ट सप्लाय. चार लेयर, १.६ मिमी, दुसरा लेयर ग्राउंड, तिसरा पॉवर.

टेबलावर मस्त चालतो. परवा प्री-स्कॅनला, म्हणजे बोर्डातून रेडिओ आवाज किती बाहेर पडतो त्याच्या आधीच्या चाचणीला घेऊन गेलो, ३ मीटरचा चेंबर, क्लास बी (घरगुती वापराची कडक मर्यादा), आणि १५० मेगाहर्ट्झला मर्यादेच्या ९ डीबी वर, २५० ला ६ आणि ३५० ला ४. इथरनेटची केबल काढली की १५० चा शेंडा धाडकन खाली बसतो पण केबलशिवाय प्रॉडक्ट कोण घेणार. दुसरी भानगड म्हणजे रिले ओढला की इथरनेटचे सीआरसी एरर (वाटेत बिघडलेली पाकिटं) वाढतात, आधी वाटलं रिलेच्या डायोडचा लोचा असेल पण डायोड बरोबर आहे. स्कोपवर क्लॉक बघितला तर भयंकर रिंगिंग, ३.३ चा सिग्नल ५ च्या आसपास उडी मारतोय. क्लॉकवर ३३ ओहमचा रेझिस्टर टाकलाय, कंट्रोलरच्या अगदी जवळ, ॲप नोटमध्ये सांगतात तसा.

सीनियर म्हणतात पत्र्याचा डबा बसव. मालक म्हणतात डब्याला पैसे नाहीत, बोर्ड नीट कर. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत आणि मधे मी. ॲनालॉग आणि डिजिटल ग्राउंड व्यवस्थित वेगळे केलेत, एकाच ठिकाणी फेराइट बीडने (जास्त फ्रीक्वेन्सी अडवणारा मणी) जोडलेत, म्हणजे ग्राउंडचा प्रॉब्लेम नसावा.

तापकीर_गल्ली

शेवटचं वाक्य परत एकदा स्वतःच मोठ्याने वाच 😀 दुसऱ्या लेयरचा फोटो टाक आधी.

भोसरी_बोर्डवाला

टाकला. पिवळी रेघ म्हणजे ग्राउंडमधली चीर, १ मिमी रुंद. डावीकडे कंट्रोलर आणि एसडीरॅम. उजवीकडे ॲनालॉग, आणि जागा नव्हती म्हणून इथरनेटचा फाय आणि जॅक पण उजवीकडेच खाली. बीड सगळ्यात वर, कोपऱ्यात.

लेआउटवाली_वारजे

अरे मग आरएमआयआयच्या सगळ्या लाइनी चिरेवरून उड्या मारून जातायत ना! फोटोत मोजल्या, क्लॉक धरून नऊ आहेत, एमडीआयओ वगैरे सगळं मिळून. मूळ दुखणं हेच आहे, बाकी सगळं नंतर.

आपण ट्रेस काढतो तेव्हा जाणारा करंट काढतो. तो परत कुठून येतो ते कोणी काढत नाही कारण स्क्रीनवर ती रेघच नसते, नुसतं ग्राउंडचं चिन्ह असतं, आणि कॉलेजात सांगितलेलं असतं की ग्राउंड म्हणजे शून्य, विषय संपला. खरं तर काही शे किलोहर्ट्झच्या वर गेलं की परतीचा करंट जवळचा रस्ता शोधत नाही, कमीत कमी इंडक्टन्सचा शोधतो, आणि तो रस्ता म्हणजे ट्रेसच्या बरोब्बर खाली, सावलीसारखा. ट्रेस वळला की तोही वळतो. तू ती सावली मधेच कापलीस.

पुण्याच्या भाषेत सांगायचं तर अलका चौकातून डेक्कनला तू लकडी पुलावरून गेलास आणि परत यायला निघालास तर पूल बंद. आता म्हात्रे पुलावरून वळसा. त्यात तुझ्या म्हात्रे पुलावर फेराइट बीड नावाचा हवालदार उभा, कारण बीड कोणता लावलायस बघ, बहुतेक १०० मेगाहर्ट्झला ६०० ओहमवाला असेल, म्हणजे ज्या फ्रीक्वेन्सीला परतीची वाट पाहिजे नेमक्या त्याच फ्रीक्वेन्सीला तो अडवतो, तो बनवलाच त्यासाठी आहे. मग करंट मिळेल त्या फटीतून, मिळेल त्या कपॅसिटन्समधून, शेजारच्या ट्रेसच्या अंगावरून जातो. दोन पुलांच्या मधलं सगळं पात्र म्हणजे तुझा लूप, आणि लूप मोठा म्हणजे आवाज मोठा.

सीआरसी एररचं पण हेच. नऊच्या नऊ लाइनींना परतीला एकच वळसा आहे, सगळे एकाच अरुंद बोळातून येतात, एकमेकांना धक्के मारतात. वर रिलेचा झटका त्याच बोळातून जातो. हा क्रॉसटॉक ट्रेस लांब लांब ठेवून कमी होणार नाही कारण तो वर होतच नाहीये, खाली होतोय.

डेटाशीट_वाचा_आधी

वारजेताईंशी सहमत, पण अजून एक दिसलं. एलएएन८७२० कुठल्या मोडमध्ये वापरतोयस? २५ चा क्रिस्टल फायला लावला असशील तर ५० चा क्लॉक फाय बाहेर देतो, कंट्रोलर देत नाही. मग तुझा ३३ ओहम चुकीच्या टोकाला बसलाय भावा. सिरीज टर्मिनेशन नेहमी जो पाठवतो त्याच्या पायाशी लावायचं. चिपचा स्वतःचा आउटपुट रेझिस्टन्स धर साधारण १५-२५ ओहम, त्यात ३३ मिळवला की ट्रेसच्या ५० शी जुळतं. घेणाऱ्याच्या दारात ठेवलेला ३३ जवळजवळ काहीच करत नाही, लाट येते, आपटते, परत जाते, तिकडे आपटून परत येते.

भोसरी_बोर्डवाला

हो, २५ चा क्रिस्टल फायलाच आहे 🤦 म्हणजे क्लॉक तिकडून इकडे येतोय. कंट्रोलरजवळ हे वाक्य मी एसडीरॅमच्या लेआउट गाइडमधून उचललं होतं, तिथे कंट्रोलरच पाठवतो.

सातारा_रोड_जुना

मी थोडा विरोधी सूर लावतो. आम्ही वीस वर्षं ॲनालॉग ग्राउंड वेगळंच ठेवत आलोय, वजनकाट्याचे बोर्ड, लोड सेलचे मिलिव्होल्ट मोजतो आणि उत्तम चालतात. आजकाल कोणीही उठतो आणि म्हणतो एकच प्लेन ठेवा. मग डिजिटलचा कचरा एडीसीत (ॲनालॉगचे आकडे करणाऱ्या चिपमध्ये) शिरला की कोण निस्तरणार?

लेआउटवाली_वारजे

सर, तुमचे बोर्ड चालतात ते चीर आहे म्हणून नाही, चिरेवरून काही जात नाही म्हणून. वजनकाट्यात एक एसपीआय (सिरीयल जोड), तोही एक-दोन मेगाहर्ट्झचा, आणि एडीसी बहुतेक बरोबर सांध्यावर बसवलेला असणार. इथे मधून ५० मेगाहर्ट्झची अख्खी बस धावतेय.

आणि कचरा शिरण्याचं म्हणाल तर परतीचा करंट सावलीसारखा ट्रेसखालीच राहतो हे एकदा मानलं की डिजिटलचे ट्रेस डिजिटलच्या भागात ठेवले की त्यांचा परतीचा करंटही तिथेच राहणार, तो उगाच फिरायला ॲनालॉगकडे जात नाही. म्हणून भिंत नको, खोल्यांची मांडणी नीट करायची. स्वयंपाकघर एकीकडे, देवघर एकीकडे, फरशी मात्र सलग. ४-२० मिलिॲम्पला तर हे पुरून उरतं. हां, दोन गोष्टींना चीर हवीच, एक म्हणजे मेन्सपासून सुरक्षेसाठी आयसोलेशन, तिथे तर मिलिमीटर मोजून ठेवायचं, आणि दुसरं मोटरबिटरचे मोठे ॲम्पियर असतील तर त्यांची वाट मुद्दाम वळवायला. रिलेचा करंट डीसीच्या जवळचा असतो, तो पसरतो, सावलीत चालत नाही, त्याला कनेक्टरजवळ ठेवा.

सातारा_रोड_जुना

एडीसी सांध्यावर असतो हे खरं आहे. आमच्या काट्यांना चेंबर कधी लागला नव्हता हेही खरं. चालू द्या.

आरएफ_काका

रिटायर्ड आहे, वेळ भरपूर आहे, म्हणून जरा लांबड लावतो.

पोराने विचारलेला एक प्रश्न सगळ्यांनी सोडला. क्लॉक ५० चा, मग सगळ्यात जोरात १५० का, आणि केबल काढल्यावर का बसतो? चौरस लाटेत विषम हार्मोनिक जास्त, म्हणून १५०, २५०, ३५० ही रांग लागली, इथवर ठीक. आता बोर्डाकडे बघ. एका तुकड्याला २४ व्होल्टची वायर, दुसऱ्या तुकड्याला इथरनेटची केबल. मधे चीर, आणि चिरेच्या दोन काठांमध्ये क्लॉकने तयार केलेलं व्होल्टेज. माझ्या लहानपणी प्रत्येक गच्चीवर ॲल्युमिनियमच्या दांड्यांची अँटेना असायची, सगळ्यांचं तोंड सिंहगडावरच्या टॉवरकडे, वारा आला की वडील वर आणि मी खालून ओरडायचो "आलं आलं, गेलं". त्यातली मुख्य दांडी मधे कापलेली असते आणि त्या फटीत वायर जोडतात. तू हुबेहूब तीच केलीस, फक्त घ्यायच्याऐवजी द्यायची. १५० मेगाहर्ट्झची तरंगलांबी २ मीटर, अर्धी १ मीटर. दोन्ही बाजूला अर्धा-अर्धा मीटर वायर लोंबली की झाला डायपोल. चेंबरमध्ये केबल किती लांब ठेवली होती आठव.

आणि फार करंट लागतो असंही नाही. ५० मेगाहर्ट्झच्या आसपास १ मीटर वायरमधून जेमतेम ५ मायक्रोॲम्प कॉमन मोड (केबलच्या सगळ्या तारांतून एकाच दिशेने जाणारा) करंट गेला तरी ३ मीटरवर १०० मायक्रोव्होल्ट प्रति मीटर, म्हणजे क्लास बीची ४० डीबीची रेघ गाठतो. ५ मायक्रोॲम्प! एलईडी मिणमिणायला पण पुरत नाही. म्हणून डबा बसवून हे जाणार नाही, डब्यातून केबल बाहेर येणारच आणि ती सगळा आवाज हातात धरून बाहेर आणणार.

विषय निघालाच तर सांगतो, नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, आणि त्यांचे पट्टे साधारण १२० ते १४५० मेगाहर्ट्झमध्ये. म्हणजे तुझ्या बोर्डाचे १५० आणि ३५० त्यांच्या अगदी ताटात. मी तिथे विज्ञान दिनाला नातवाला घेऊन गेलो होतो तेव्हा डोक्यात हेच, की एवढं थोरलं यंत्र आकाशगंगेची कुजबुज ऐकायला बसवलंय आणि आपण इकडे एका क्लॉकची चाळीस पैशांची काळजी घेत नाही.

प्रोब_सरळ_धरा

क्लॉक ५ व्होल्टपर्यंत उडी मारतोय हे कशाने मोजलं? क्रोकोडाइल क्लिपवाली ती १५ सेमीची काळी शेपटी लावून ना? मग त्यातलं निम्मं रिंगिंग बोर्डाचं नाही, शेपटीचं आहे. तेवढी वायर म्हणजे १५० नॅनोहेन्रीच्या घरात, प्रोबचे १० पिकोफॅरड धर, रेझोनन्स येतो १३० मेगाहर्ट्झच्या आसपास. म्हणजे कुठलाही फास्ट सिग्नल लाव, तो तिथे घंटेसारखा वाजणारच. प्रोबच्या डबीत एक छोटी स्प्रिंग येते, जी सगळे पहिल्याच दिवशी हरवतात, ती टोकाला लाव आणि शेजारच्या ग्राउंडच्या व्हायावर (लेयर जोडणारं भोक) टेकव. रेझिस्टर बदलायच्या आधी हे कर, नाहीतर नसलेल्या आजाराला औषध देत बसशील.

आणि चेंबरचे तास जाळू नकोस. टायनीएसए (खिशातला स्पेक्ट्रम ॲनालायझर) घे नाहीतर मित्राकडून आण, आरजी-१७४ कोॲक्सचं टोक सोलून बोटभर लूप करून शील्डला सोल्डर कर, वर पिवळा कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारा इन्सुलेशनचा), झाला निअर-फील्ड प्रोब. आकडे चेंबरशी जुळणार नाहीत पण आधी आणि नंतर किती फरक पडला ते कळतं.

भोसरी_बोर्डवाला

काका, केबल बरोबर १ मीटरचीच होती 😐

बोर्ड नवीन यायला तीन आठवडे. तोवर याच बोर्डावर काही करून बघता येईल का? चीर आतल्या लेयरमध्ये आहे, तिथे हात पोचत नाही.

लेआउटवाली_वारजे

आतून नाही तर वरून कर. क्लॉक चिरेवरून जातो तिथे दोन्ही बाजूला ग्राउंडचे व्हाया असतील, त्यांच्यावरचा हिरवा मास्क कटरने खरवड, ट्रेसवर कॅप्टॉन टेप लाव, वरून तांब्याची पट्टी टाकून दोन्हीकडे दोन-तीन ठिकाणी सोल्डर कर. पट्टी बोटभर रुंद, वायर नको, वायर म्हणजे परत इंडक्टन्स. आणि क्लॉकच्या अगदी वरून ने. भिकार दिसेल, दिसू दे.

तापकीर_गल्ली

तांब्याचा टेप बुधवार पेठेत मिळेल, पण घेताना गोंदाच्या बाजूने कंडक्ट होतो म्हणतात त्यावर विश्वास ठेवू नकोस, सोल्डर करच.

भोसरी_बोर्डवाला

अपडेट. शनिवारी बसलो. सगळं एकदम न करता एकेक केलं, टायनीएसए आणि घरगुती लूप, लूप इथरनेट जॅकजवळ एकाच जागी चिकटवून ठेवला.

आधी स्प्रिंग लावून क्लॉक परत बघितला, ५ वगैरे काही नाही, ४.१ पर्यंत जात होता, म्हणजे प्रोबवाले दादा बरोबर. मग तांब्याची पट्टी टाकली, १५० मेगाहर्ट्झ ८ डीबी खाली. नुसत्या पट्टीने! मग कंट्रोलरजवळचा ३३ काढून तिथे शून्य ओहम टाकला आणि फायच्या पायाशी ट्रेस कापून ०४०२ चा ३३ बसवला, हे करताना दोन रेझिस्टर उडून कुठे गेले देवाला माहीत, त्याने अजून ३ डीबी, आणि क्लॉक आता ३.५ ला थांबतो. रिले शंभर वेळा ओढला, सीआरसी एरर एकही नाही. मालकांना दाखवलं, ते म्हणाले ही पट्टी गिऱ्हाइकाला दिसेल का.

राहिलं ते ३०० मेगाहर्ट्झ, आधी बाकीच्यांच्या सावलीत लपलेलं, आता वर आलंय. एसडीरॅमचंच असणार, १०० चा तिसरा. आणि नव्या बोर्डात काय काय बदलू तेही सांगा, एकदाच करतो.

डेटाशीट_वाचा_आधी

एसडीरॅमच्या पिनांना जीपीआयओ स्पीड (पिन किती झपाट्याने वरखाली होते ते) काय दिलाय? कोड जनरेटर सरसकट व्हेरी हाय टाकून देतो. ओस्पीडर रजिस्टरमध्ये एक पायरी खाली आणून बघ, डेटाशीटमध्ये कपॅसिटन्सप्रमाणे तक्ता आहे तो आधी बघ आणि मग रात्रभर मेमरी टेस्ट चालव, गरम करून पण. एलईडी, रिले, यूआरटी यांना तर सगळ्यात खालचा स्पीड. लोक क्लॉकची फ्रीक्वेन्सी बघतात, पण आवाज ठरतो एज किती खडी आहे त्यावर. १ नॅनोसेकंदाची एज असेल तर सिग्नल रोज एकदाच हलला तरी त्यात ३५० मेगाहर्ट्झपर्यंतचा माल असतो. हा बदल फुकट आहे, गर्बर (बोर्ड बनवणाऱ्याला पाठवायच्या फाइली) पण बदलायला लागत नाही.

लेआउटवाली_वारजे

नव्या बोर्डात चीर आणि बीड काढून टाक, हे सांगायला नको. फाय आणि जॅक डिजिटलकडे आण, ॲनालॉग एका कोपऱ्यात. सगळ्या केबल एकाच काठावर आणता आल्या तर फारच छान, काकांची दांडी तिथेच मोडते.

स्टॅकअप, म्हणजे लेयरची रचना, बदल. तुझा चौथ्या लेयरवरचा ट्रेस पॉवर प्लेनकडे बघून चालतो, आणि वरून खाली व्हायाने उतरलास की परतीच्या करंटला ग्राउंडवरून पॉवरवर उडी मारायला जवळचा डिकपलिंग कॅप (पॉवर आणि ग्राउंडमधला कपॅसिटर) शोधावा लागतो, तो असेल दोन सेमीवर. आणि १०० नॅनोफॅरडचा कॅप व्हायाबिया धरून १ नॅनोहेन्री झाला तर १६ मेगाहर्ट्झनंतर तो इंडक्टरच असतो, त्याच्यावर फार भिस्त नको. त्यापेक्षा दुसरा आणि तिसरा दोन्ही ग्राउंड कर, पॉवर सिग्नल लेयरवर जाड पट्ट्यांनी फिरव, आणि फास्ट सिग्नल जिथे लेयर बदलतो तिथे शेजारी एक ग्राउंडचा व्हाया ठोक. एसडीरॅमचा बराचसा आवाज इथेच जिरेल असं मला वाटतं.

अंतराचं म्हणशील तर ट्रेसच्या रुंदीच्या तिप्पट वगैरे पाठ करू नकोस, प्लेनपासूनची उंची बघ. शेजाऱ्यात शिरणारा आवाज ढोबळ मानाने अंतर भागिले उंची याच्या वर्गाने कमी होतो. तुझं वरचं प्रीप्रेग (पहिल्या दोन लेयरमधला इन्सुलेशनचा थर) ०.२ मिमी असेल तर मध्यापासून मध्यापर्यंत ०.६ मिमी ठेवलंस की एकदशांशावर आला. हेच दोन लेयरच्या १.६ मिमीच्या बोर्डात साडेचार-पाच मिमी लागले असते, म्हणून दोन लेयरवर एसडीरॅम करणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. ५० ओहमला पण ०.२ वर ट्रेस साधारण ०.३५ मिमी पुरतो, फॅबला (बोर्ड बनवणाऱ्यांना) त्यांचा स्टॅकअप विचार, स्वतःच्या मनाने धरू नकोस.

आणि फोटोत तू आरएमआयआयला नागमोडी वळणं घेऊन शतांश मिलिमीटरपर्यंत लांबी जुळवलीयस ना, ती काढ बाबा. १० मिमीचा फरक म्हणजे जेमतेम ६०-७० पिकोसेकंद, ५० मेगाहर्ट्झचा पिरियड २० नॅनोसेकंदांचा. नागमोडीत ट्रेस स्वतःचाच शेजारी होतो आणि जागा खातो ती वेगळीच.

आरएफ_काका

आणि नव्वद अंशांच्या कोपऱ्यावरून कोणी काही बोलायला आलं तर या स्पीडला दुर्लक्ष कर. तो वाद काही गिगाहर्ट्झच्या वर गेल्यावर.

भोसरी_बोर्डवाला

ओस्पीडर एक पायरी खाली आणला, ३०० चा शेंडा ५ डीबी खाली, मेमरी टेस्ट रात्रभर चालली, एरर शून्य. हेअर ड्रायरने गरम करून परत लावलीय, चालू आहे. लेआउट उद्यापासून नव्याने. ताई, दुसऱ्या लेयरचा फोटो टाकला तर फॅबला पाठवायच्या आधी एक नजर टाकाल का?

लेआउटवाली_वारजे

टाक. तिसऱ्याचा पण टाक, खरी चोरी तिथे असते.